थाळनेरची दिंडी आणि संगणकावरील युद्धपट

संगणकावरील युद्धपटांची साधने कशी निवडावीत, या प्रश्नाची चर्चा बहुधा सोयींच्या यादीने सुरू होते व यादीनेच संपते. कोणत्या साधनात प्रकाशाची योजना अधिक सूक्ष्म, कोणत्यात आयत्या सोंगट्या अधिक, कोणते फुकट व कोणते विकत, असे रकाने आखले जातात. आणि ज्याचे रकाने अधिक भरले ते साधन श्रेष्ठ ठरते. ही रीत धान्य मोजण्यास ठीक आहे. भूमिका-खेळ हा मात्र मूलतः बोलण्याचा खेळ होय. चारपाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. आपले पात्र काय करते हे प्रत्येक खेळाडू बोलून सांगतो. निकाल संशयास्पद असेल तेथे फासे टाकले जातात. लढाईचा प्रसंग आला म्हणजे कोण कोठे उभा आहे हे स्मरणात ठेवणे कठीण होते, म्हणून पट मांडावा लागतो. पट हा असा बोलण्याच्या मदतीस आलेला आहे. यास्तव पटसाधनाची परीक्षा करताना ते काय दाखवते एवढेच पाहून भागत नाही; ते दाखवताना खेळणाऱ्यांच्या तोंडचे कोणते बोलणे काढून घेते, हेही पाहिले पाहिजे. खानदेशासारख्या बहुभाषी प्रदेशात हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही, हे पुढील विवेचनात दिसेल.

पट आणि बोलणे यांतील हा तंटा नवा नाही. प्रशियामध्ये राइसविट्झ या पितापुत्रांनी युद्धखेळ सिद्ध केला. पित्याने १८१२ मध्ये राजापुढे मांडलेला खेळ प्रत्यक्ष भूमीच्या उठावदार प्रतिकृतीवर चालत असे. पुत्राने १८२४ मध्ये तो १ : ८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला आणि दोन्ही पक्षांमध्ये एक पंच बसविला. खेळाडूंनी आपले हुकूम पंचाकडे द्यावयाचे आणि त्यांच्या सैन्यास जे दिसणे शक्य असेल तेवढेच पंचाने पटावर मांडावयाचे, ही त्यातील युक्ती. आज ज्यास युद्धखेळात ‘धुके’ म्हणतात त्याचे मूळ येथे आहे. पुढे नियम, कोष्टके आणि फाशांचे हिशेब इतके वाढले की खेळ रेंगाळू लागला. तेव्हा १८७६ मध्ये फेर्दी दु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूस सारून पंचाच्या अनुभवी निर्णयावर खेळ सोपवावा, असे प्रतिपादन केले. कोष्टकांचा खेळ की पंचाचा खेळ, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये निघालेल्या ‘चेनमेल’ या नियमावलीतून १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ जन्मास आला, तेव्हा पंचाचा सूत्रधार झाला आणि बोलणे पुन्हा वर आले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने पाच फुटांच्या चौरस घरांचा पट रूढ केला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर अंतरे फुटांत न देता घरांतच दिली गेली. या शेवटच्या फरकाचे इंग्रजी खेळाडूंना वैषम्य वाटले. मराठी कानाला मात्र ‘सहा घरे सरक’ हे वाक्य मुळीच परके वाटत नाही. सारीपाटाने आणि बुद्धिबळाने ते आधीच घरचे केले आहे.

संगणकावर हा पट आला तो याच दोन परंपरांचे ओझे घेऊन. फँटसी ग्राउंड्स २००४ पासून, मॅपटूल त्यानंतर थोड्या वर्षांनी, रोल ट्वेंटी २०१२ पासून, फाउंड्री २०२० पासून लोकांपुढे आहे. आउलबेअर रोडिओ हे लहानखुरे साधनही २०२० च्या सुमाराचेच. या साधनांची तुलना करण्यास काल्पनिक तळघराचा पट घेण्याची प्रथा आहे. तळघरात सर्व भिंती काटकोनात असतात, तळ सपाट असतो, आणि तेथील राक्षस कोणती भाषा बोलतो याची कोणी फारशी चौकशी करीत नाही. अशा पटावर सर्वच साधने उत्तीर्ण होतात. परीक्षेस कठीण जागा हवी. ती धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी आहे.

थाळनेरचा किल्ला फारुकी सुलतानांच्या आरंभीच्या काळातील राजधानीचा. त्याचे लष्करी वर्णन मिळते ते १८१८ च्या प्रसंगामुळे. मंदसोरच्या तहाने, म्हणजे ६ जानेवारी १८१८ रोजी, होळकरांनी जो मुलूख इंग्रजांस दिला त्यात थाळनेर होते. सर टॉमस हिस्लॉप दक्षिणेकडे परतताना २७ फेब्रुवारीस तेथे पोचला. किल्लेदार तुळशीराम याने किल्ला हवाली केला नाही आणि तोफा सुरू झाल्या. हिस्लॉपच्या सैन्यातील क्वार्टर-मास्टर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकर याने १८२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोहिमेच्या वृत्तांतात या स्थळाची रचना नोंदली आहे. किल्ल्याची एक बाजू थेट तापीच्या पात्रातून उठते. उरलेल्या तिन्ही बाजूंस शंभर ते दीडशे यार्ड रुंदीची खोल घळ आहे. तट त्या घळीपासून सुमारे साठ फूट उंच, आणि आतील भूमीही तितक्याच उंचीची. प्रवेश एकच, पूर्वेकडून. त्यास पाच दरवाजे, आणि ते दरवाजे नागमोडी, आडभिंतींनी अडविलेल्या चढत्या वाटेने परस्परांस जोडलेले. दरवाजा समोरून दिसू नये, त्याच्या पुढे बुरुजाची आड असावी, हे दुर्गरचनेचे मराठी तत्त्व रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आहे. थाळनेरचा किल्ला त्याहून जुना असला तरी तत्त्व तेच.

त्या दिवशी बाहेरचे दरवाजे एकामागून एक इंग्रजांच्या हाती आले. आतल्या शेवटच्या दरवाजाची दिंडी उघडी होती. तिच्यातून काही अधिकारी मोजक्या शिपायांसह आत शिरले. आत अरब शिबंदी उभी होती. काही बोलणे झाले. मग शस्त्रे चालली. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. त्यानंतर फौज आत घुसली, सुमारे तीनशे माणसांची शिबंदी कापली गेली आणि किल्लेदारास फाशी देण्यात आले. दिंडीपाशी जे घडले तो दगा होता की दोन्ही बाजूंच्या बोलण्याचा परस्परांस न झालेला बोध, यावर पुढे बराच वाद झाला आणि फाशीच्या औचित्याचा प्रश्न ब्रिटिश संसदेतही निघाला.

अशा जागेचा खेळ करावा काय, हा आक्षेप उचित आहे. त्याचे उत्तर एवढेच की येथे त्या मृतांची नावे सोंगट्यांस देण्याचा विचार नाही. घेतली आहे ती जागेची रचना आणि त्या दिंडीत उभी राहिलेली अडचण. नावे, काळ व पक्ष बदलूनही ती अडचण तशीच उरते, म्हणूनच ती परीक्षेस योग्य.

पहिली कसोटी प्रमाणाची. शंभर ते दीडशे यार्ड म्हणजे तीनशे ते साडेचारशे फूट. पाच फुटांचे एक घर धरल्यास केवळ घळीचीच रुंदी साठ ते नव्वद घरे होते. फाउंड्रीत एका घरास शंभर चित्रबिंदू व रोल ट्वेंटीत सत्तर अशी मूळची योजना असल्याने, नव्वद घरांच्या घळीस अनुक्रमे नऊ हजार व सहा हजार तीनशे चित्रबिंदू खर्ची पडतात, आणि किल्ला अद्याप दूरच राहतो. घराचे माप कोणत्याही साधनात बदलता येते हे खरे. परंतु घर पन्नास फुटांचे केले की पाच दरवाज्यांची वाट दोनतीन घरांत मावून जाते आणि तिचे वळण नाहीसे होते. म्हणजे थाळनेरला दोन पट लागतात, एक घळीचा व एक वाटेचा. अशा वेळी घळीचा पट मुळी नसावाच, असेच अनुभवी सूत्रधार म्हणेल. उघड्या मैदानातून धावत जाणे हे चार वाक्यांत सांगावयाचे असते. जे साधन प्रत्येक भूभागास पट मागते ते सूत्रधारास चित्रकार बनवते. आणि चित्रकार झालेला सूत्रधार खेळाच्या दिवशी बहुधा थकलेला असतो.

उंचीच्या बाबतीत ही सारी साधने थोड्याफार फरकाने सारखीच उणी आहेत. सोंगटीवर ‘साठ फूट’ असा आकडा लिहिता येतो. पण आतील भूमी तटाच्या माथ्याइतकीच उंच आहे, म्हणून तटावरून आत उडी मारण्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि बाहेर मारण्याचा मात्र उद्भवतो, हे त्या आकड्यावरून कोणास कळणार? हे सांगावेच लागते. सांगावे लागते यात वाईट काहीच नाही.

दुसरी कसोटी दृष्टीची, आणि येथे संगणकाला न्याय दिलाच पाहिजे. पाच दरवाज्यांची ती वाट कागदावर आखली तर खेळाडूस ती संपूर्ण दिसते. सूत्रधार कितीही म्हणो की ‘वळणापलीकडचे तुम्हास दिसत नाही’, डोळ्यांनी पाहिलेले मनास विसरता येत नाही. फाउंड्री, मॅपटूल व रोल ट्वेंटी या तिन्ही साधनांत भिंतींच्या रेषा पटाखाली आखून ठेवता येतात. मग प्रत्येक सोंगटीच्या जागेवरून दृष्टिरेषा मोजून तेवढाच भाग त्या त्या खेळाडूस दाखविला जातो. वाटेत पाऊल टाकावे तसा एकेक कोपरा उलगडतो, मागचा अंधारतो, आणि चौथ्या दरवाजापाशी उभ्या असलेल्यास पाचव्यातले काही दिसत नाही. किल्ला बांधणाऱ्याचा हेतू येथे खेळाडूच्या डोळ्यांना प्रत्यक्ष जाणवतो. राइसविट्झचा पंच हेच काम हाताने करी आणि त्यात चुकेही. पक्षपाताचा संशयही या मोजणीत उरत नाही. ज्या चार मित्रांत ‘मला ते दिसायला हवे होते’ यावरून दर खेपेस भांडण होते, त्यांनी याच सोयीसाठी साधन निवडावे. त्यात गैर काही नाही.

परंतु दृष्टी मोजणारे साधन एक गृहीत धरते. जे दिसले ते कळले, असे ते मानते. पडद्यावर सोंगटी प्रकट होते ती नावासह, वर्तुळासह, कधी उरलेल्या बळाच्या पट्टीसह. वळणावर दिसलेला मनुष्य पहारेकरी आहे की शरण येणारा आहे, की दोन्ही आहे, हा प्रश्न उपस्थित होण्याच्या आधीच त्याचे उत्तर पाटीवर लिहिलेले असते. कागदी पटावर सूत्रधार एक बटण ठेवून म्हणतो, ‘येथे कोणीतरी आहे’. ‘कोणीतरी’ हे सर्वनाम मराठीत फार काम करते. पडद्यावरच्या सोंगटीला ते धारण करता येत नाही. नावाची पाटी झाकण्याची सोय वरील तिन्ही साधनांत आहे. ती मुद्दाम वापरावी लागते एवढेच, आणि बहुतेक जण ती वापरीत नाहीत.

आता दिंडी. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजाच्या फळीत केलेली लहान वाट. मोठा दरवाजा बंद असतानाही ती उघडी असू शकते. फाउंड्रीत दाराच्या तीन अवस्था आहेत, उघडे, मिटलेले व कुलूपबंद. लांब रेषेत लहान दार बसवून दिंडी आखता येते आणि तिच्यातून दिसणारी दृष्टीची पाचर मोठी सुरेख पडते. पण दिंडीतून जाणारा वाकून, एकेक जातो. आत पोचताना त्याची मान खाली असते व शस्त्र उपसण्यास जागा नसते. दिंडीचे सारे सामरिक मर्म या वाकण्यात आहे, आणि आराखड्याच्या पटास वाकणे माहीत नाही. अर्थात तेही सूत्रधार बोलून सांगेल. कठीण प्रश्न त्यापुढचा आहे. दिंडीच्या आत व बाहेर उभी असलेली माणसे परस्परांशी बोलू लागली म्हणजे पटसाधन काय करते?

बहुतेक साधने काहीच करीत नाहीत, आणि तेच बरे. फाउंड्रीसाठी मात्र ‘पॉलिग्लॉट’ नावाचे एक जोडसाधन हौशी मंडळींनी केले आहे. पात्रास एखादी भाषा येत नसेल तर त्या भाषेतील लेखी संवाद त्याच्या खेळाडूस अगम्य अक्षरांत दिसतो. कल्पना चतुर आहे. तिच्या मुळाशी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची नियमावलीच आहे, तीत भाषा एक तर अवगत असते किंवा नसते, मधली अवस्था नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथेच थांबावे लागते. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशी व भिल्ली बोली एकत्र घातल्या, त्या वर्गीकरणावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. वाद चालला याचे एक कारणच हे की या टापूतील बोली एकमेकींत विरघळत जातात. अहिराणी बोलणारा धुळ्याचा मनुष्य, लेवा बोली बोलणारा यावलचा, पावरा बोलणारा सातपुड्यातला आणि नंदुरबारच्या बाजारातील गुजराती दुकानदार हे एकमेकांचे बोलणे पूर्ण समजत नाहीत आणि अजिबात समजत नाहीत असेही नाही. त्यांना काही समजते, काही समजल्यासारखे वाटते. या दोहोंतील दुसरी अवस्था धोक्याची. जो मनुष्य मुळीच समजत नाही तो दुभाषा शोधतो. ज्याला समजले असे वाटते तो पुढे पाऊल टाकतो.

थाळनेरच्या दिंडीत कोणती भाषा किती समजली गेली याचा निवाडा आज करता येणार नाही. परंतु खेळात तसा प्रसंग उभा करावयाचा झाला, तर अगम्य अक्षरे दाखविणारे जोडसाधन त्याचा नाशच करील. पडद्यावर न समजणारी लिपी उमटली की खेळाडूस स्वतःचे अज्ञान कळते. आणि प्रसंगाचे सारे भय ते न कळण्यात आहे. उलट सूत्रधाराने आतल्या पहारेकऱ्याच्या तोंडी एक अर्धवट वाक्य घातले, त्यातील एखादे क्रियापद दोन अर्थांचे ठेवले, आणि खेळाडूने ते आपल्या समजुतीप्रमाणे घेतले, तर निर्णयाचा क्षण खरा होतो. ‘टाका’ या आज्ञेने शस्त्र खाली टाकावे की वार टाकावा? मराठीत दोन्ही घडते. हे काम कोणतेही यंत्र करीत नाही. यंत्राने त्या वेळी गप्प राहावे एवढीच अपेक्षा असते. आउलबेअर रोडिओचा मोठा गुण हा की मूळ रूपात ते गप्प राहते. त्यात चित्र, सोंगट्या, मोजपट्टी व हाताने घालावयाचे व काढावयाचे धुके आहे. नियमांचा बोजा नाही. आपोआप दृष्टी मोजणारे जोडसाधन त्यालाही लावता येते, पण ते लावावे लागते. फँटसी ग्राउंड्स याच्या अगदी दुसऱ्या टोकास आहे. त्यात नियमावल्या इतक्या आत विणलेल्या असतात की वार, तूट, स्थिती यांचा हिशेब ते साधनच पुष्कळसा चालविते. १८२४ च्या कोष्टकांचा तो खरा वारस म्हणावा. ज्यांना हिशेबाचा कंटाळा आहे त्यांना ते प्रिय होईल. दिंडीतील संभाषणास मात्र तेथे परकेपणा वाटतो.

बोलण्याचा आणखी एक धागा पटसाधनांत तुटतो, तो दिशेचा. पडद्यावरील पट आकाशातून पाहिलेला असतो व त्याच्या माथ्यास बहुधा उत्तर असते. त्यात पाहणाऱ्यास जागा नसते. मराठी बोलणारा मात्र जागेवर उभा राहून बोलतो. ‘दरवाजाच्या अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ ही अव्यये बोलणारा कोणत्या बाजूस उभा आहे हे ठरल्यावाचून अर्थच देत नाहीत. अहिराणीतील ‘आठे’ व ‘तठे’ यांचेही तसेच. अवकाशाचे निर्देश करताना निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्याचे शरीर, वस्तूची स्वतःची बाजू, किंवा दिशा व नदी-डोंगर यांचा आधार घेतात, हे स्टीफन लेव्हिन्सन याने २००३ मधील आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. एकाच पटासमोर बसलेल्या पाच खेळाडूंत एक ‘डावीकडे’ म्हणतो तो पडद्याच्या डाव्या अंगास, दुसरा म्हणतो तो सोंगटीच्या डाव्या हातास, आणि तिसरा ‘नदीच्या अंगाला’ म्हणून मोकळा होतो. ‘वर’ या शब्दाची तर दुर्दशाच होते. ‘तो वर आहे’ म्हणजे तटावर, की पडद्याच्या वरच्या कडेस? तटाची उंची साठ फूट असता हा गोंधळ विनोदाचा राहत नाही. सोंगटीस तोंड असण्याची सोय, म्हणजे ती कोणत्या दिशेस पाहते हे दाखविणारा बाण वा फिरवता येणारे चित्र, ही सामान्यतः शोभेची बाब समजली जाते. मराठी बोलणाऱ्या मंडळींनी तिला पहिल्या प्रतीची गरज समजावे. मॅपटूल, फाउंड्री व रोल ट्वेंटी यांत ती आहे. ती लावल्यावर ‘अलीकडे’ पुन्हा अर्थ देऊ लागते.

लिपीविषयी थोडक्यात. जी साधने ब्राउझरमध्ये चालतात त्यांत नागरी अक्षरे जुळविण्याचे काम ब्राउझरच करतो, म्हणून ‘दिंडीवरचा पहारेकरी’ हे नाव सामान्यतः बरोबर उमटते; साधनाच्या मूळच्या वळणात नागरी नसले तर संगणकातील दुसरे वळण त्याच्या जागी येते आणि पाटी किंचित बेडौल दिसते, इतकेच. मॅपटूल जावा भाषेत आहे. जावाच्या नवव्या आवृत्तीपासून (२०१७) अक्षरजुळणीची यंत्रणा सुधारली असल्याने तेथेही जुने दोष बहुतांशी गेले. खरी अडचण पट रेखाटण्याच्या साधनांत येते. डंजनड्राफ्ट व वंडरड्राफ्ट ही गोडो नावाच्या यंत्रणेच्या तिसऱ्या पिढीवर उभी आहेत. त्या पिढीत जोडाक्षरे व वेलांट्या जुळविण्याची योजना नव्हती, ती चौथ्या पिढीत, २०२३ मध्ये आली. अशा साधनात ‘किल्ला’ लिहिल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडून शब्द वाचवेनासा होतो. पट नावांवाचून रेखाटावा आणि नावे नंतर खेळाच्या साधनात घालावीत, हा उपाय पुरेसा आहे.

फाशांची गोष्ट अधिक बोचते. वीस बाजूंचा एक फासा टाकण्याची लेखी आज्ञा रोमन अक्षर व रोमन अंक यांनीच द्यावी लागते. नागरी अंकांत लिहिलेली आज्ञा ही साधने अंक म्हणून ओळखत नाहीत. मराठीत चाललेल्या संवादात दर दोन ओळींनी कळफलक बदलावा लागतो. ज्याने सलग दोन तास मराठी टंकलिखित केले आहे त्यास या अडथळ्याचा परिणाम ठाऊक आहे: तिसऱ्या बदलानंतर मनुष्य मराठी सोडून देतो व रोमन लिपीत मोडके मराठी लिहू लागतो. खेळाच्या संवादाची नोंद ही बोलीभाषेच्या अभ्यासास एक मोलाची सामग्री ठरू शकेल. ती अशा रीतीने मुळातच विटते. तोंडाने बोलून खेळावे आणि फासे बटण दाबून टाकावेत, हा तूर्त मार्ग.

आता निवडीकडे. जळगाव व धुळे यांत नव्वदएक किलोमीटरचे अंतर आहे. एक सूत्रधार जळगावी व दोन खेळाडू धुळ्यास असे बसणार असतील तर साधन दूरस्थ चालले पाहिजे. फाउंड्री एकदा विकत घ्यावे लागते व परवाना फक्त सूत्रधारास लागतो. खेळाडू ब्राउझरमधून येतात. पण ते सूत्रधाराच्या संगणकावर चालते, म्हणून बाहेरून त्या संगणकापर्यंत थेट वाट असावी लागते. भारतातील पुष्कळ जोडण्यांत, विशेषतः मोबाइलच्या, अनेक ग्राहकांस एकच बाह्य पत्ता वाटून दिलेला असतो आणि ही वाट मिळत नाही. मग भाड्याच्या सर्व्हरचा किंवा मध्यस्थ सेवेचा आधार घ्यावा लागतो. हा खर्च व खटाटोप ज्यास परवडतो आणि ज्याचा खेळ वर्ष दीड वर्ष चालावयाचा आहे, त्याने फाउंड्री घ्यावे: त्यातील टिपणवह्या मराठीत ठेवता येतात, त्या आपल्याच संगणकावर राहतात, आणि दृष्टीची मोजणी थाळनेरच्या वाटेपुरती चालू ठेवून दिंडीपाशी बंद करता येते. रोल ट्वेंटी त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालत असल्याने वाटेचा प्रश्न येत नाही. आरंभ करण्यास ते सोपे, परंतु साठा व काही सोयी वर्गणीवर अवलंबून आहेत आणि सामग्री परक्या घरी राहते. पटापेक्षा संभाषणावर ज्यांचा भर आहे अशा मंडळींस, आणि भूमिका-खेळ प्रथमच मांडणाऱ्या विद्यार्थ्यांस, आउलबेअर रोडिओ अधिक मानवेल.

राहता राहिले मॅपटूल. त्याचे रूप जुनाट आहे, शिकण्यास वेळ लागतो, आणि यजमान-संगणकाची अडचण त्यातही येऊ शकते. तरीही पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे ते ठेवावेसे वाटण्याचे कारण निराळे आहे. त्याची मूळ आज्ञावली सार्वजनिक परवान्याखाली खुली असून ती वाचण्याचा, बदलण्याचा व बदललेली प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणासही आहे. फाशांच्या आज्ञेत नागरी अंक ओळखले जावेत, यासाठी त्या आज्ञेचे पृथक्करण करणाऱ्या भागात बदल करावा लागेल. भाषाशास्त्र व संगणकशास्त्र या दोन विभागांतील विद्यार्थ्यांनी एका सत्रात मिळून करावा, इतपतच तो आहे.